समुपदेशकाची घडण : पदव्युत्तर प्रशिक्षणाची चिकित्सा (विशेष संदर्भ : गंगापूर तालुका)

गोषवारा :
सर्वोच्च न्यायालयाच्या २५ जुलै २०२५ च्या निर्णयानुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता असणे आवश्यक ठरले आहे. असा समुपदेशक घडविण्यास पदव्युत्तर शिक्षण कितपत समर्थ आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. पदवी ही समुपदेशनाविषयीच्या ज्ञानाची खूण आहे. समुपदेशन करता येते याची खात्री मात्र पर्यवेक्षणाखाली केलेल्या प्रत्यक्ष कामातूनच मिळते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : समुपदेशन, पदव्युत्तर प्रशिक्षण, पर्यवेक्षण, समानुभूती, गोपनीयता, ग्रामीण महाविद्यालय.

१. प्रस्तावना :
राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी १३,०४४ विद्यार्थी होते. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संख्येत महाराष्ट्र सर्व राज्यांत पुढे होता. या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. स्वतंत्र कायदा होईपर्यंत ती बंधनकारक आहेत. नेमणूक करावयाच्या व्यक्तीकडे बालक व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे 'दाखवून देता येईल असे' प्रशिक्षण असावे, अशी त्यातील अट आहे.

ही अट वरवर साधी वाटते. परंतु उमेदवाराने नेमके काय दाखवावयाचे, हा प्रश्न उपस्थित केल्यास पदव्युत्तर शिक्षणातील मूलभूत उणीव उघडी पडते. बहुतेक उमेदवारांजवळ दाखविण्यासाठी गुणपत्रक असते. किती व्यक्तींशी, किती तास, कोणाच्या देखरेखीखाली संवाद साधला, याची नोंद गुणपत्रकात नसते. गंगापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी या उणिवेची किंमत अधिक मोठी असते; कारण शहरात एका समुपदेशकाचे चुकले तर दुसऱ्याकडे जाता येते, येथे दुसरा सहसा नसतो.

२. 'समुपदेशन' या संज्ञेचा विचार :
मराठीत रूढ झालेली 'समुपदेशन' ही संज्ञा 'सम्' आणि 'उपदेशन' यांपासून सिद्ध झाली आहे. संज्ञा घडविणाऱ्यांच्या मनात 'सम्यक् मार्गदर्शन' हा अर्थ असावा. तथापि तिच्या पोटातील 'उपदेश' हा शब्द मराठी मनाला अधिक परिचित आहे. कीर्तनकार, शिक्षक, घरातील वडीलधारे हे सर्व उपदेश करीत असतात आणि तो ऐकून घेणे हा संस्कार मानला जातो. त्यामुळे समुपदेशक म्हणजे चार समजुतीच्या गोष्टी सांगणारी शहाणी व्यक्ती, अशी धारणा समाजात आणि बऱ्याचदा विद्यार्थ्यांतही आढळते.

शास्त्राची भूमिका याहून भिन्न आहे. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बोस्टन येथे व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र सुरू केले, तेथून या क्षेत्राचा आधुनिक इतिहास सांगितला जातो. त्या टप्प्यावर मार्गदर्शनाला प्राधान्य होते. पुढे कार्ल रॉजर्स यांनी १९५१ मध्ये व्यक्तिकेंद्री उपचारपद्धती मांडली आणि १९५७ मध्ये बदलासाठी आवश्यक असलेल्या अटींचे विवेचन केले. समानुभूती, बिनशर्त स्वीकार आणि समुपदेशकाचा खरेपणा या त्यांतील तीन अटी विशेष प्रसिद्ध आहेत. या तिन्ही अटी वृत्तीच्या व वर्तनाच्या आहेत. त्या पाठ करता येतात, परंतु पाठ केल्याने अंगी येत नाहीत.

पदव्युत्तर परीक्षेत 'समानुभूतीची संकल्पना स्पष्ट करा' हा प्रश्न सहज विचारता येतो. समोर रडणाऱ्या विद्यार्थिनीच्या शांततेत दोन मिनिटे गप्प बसता येते किंवा नाही, हे उत्तरपत्रिकेत तपासता येत नाही. प्रशिक्षणाची खरी कसोटी मात्र तेथेच लागते.

३. महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा :
लोकांच्या खासगी अडचणी ऐकून त्यांना शास्त्रीय उत्तर देण्याची परंपरा महाराष्ट्रात नवीन नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत चालविलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातून वाचकांच्या लैंगिक व वैवाहिक प्रश्नांना निर्भीड उत्तरे दिली. पुढे अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी समाजाला परिचित करून दिली. ठाणे येथे १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्यासाठी संस्था उभी केली.

यांपैकी फडके यांचे उदाहरण प्रशिक्षणाच्या दृष्टीने विशेष बोलके आहे. एलिस यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार होता. मूळ प्रवर्तक सातासमुद्रापार असतानाही शिकणाऱ्याने आपली समज त्याच्यापुढे ठेवावी, शंका विचाराव्यात आणि दुरुस्ती स्वीकारावी, हा शिक्षणक्रम त्यातून दिसतो. अनुभवी व्यक्तीच्या नजरेखाली शिकणे हे या व्यवसायाचे मर्म आहे आणि पदव्युत्तर शिक्षणात नेमके तेच दुर्बल राहिले आहे.

४. कायद्याची चौकट व त्यातील पोकळी :
भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ नुसार चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी होते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्येही चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची व्याख्या असून तीत दोन वर्षांच्या पूर्णवेळ, पर्यवेक्षित प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. समुपदेशकाची अशी व्याख्या त्या अधिनियमात नाही. परिणामी एकाच क्षेत्रातील दोन व्यावसायिकांपैकी एकाला काटेकोर प्रशिक्षणाची अट लागू झाली आणि दुसऱ्याला केवळ पदवी पुरेशी ठरत गेली.

राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ ने ही पोकळी भरून काढण्याच्या दिशेने पाऊल टाकले. वर्तनविषयक आरोग्यशास्त्रांच्या गटात मानसशास्त्रज्ञ व विविध प्रकारच्या समुपदेशकांचा समावेश करण्यात आला. त्याच अनुषंगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह संबंधित अभ्यासक्रम मुक्त, दूरस्थ वा ऑनलाईन पद्धतीने चालवू नयेत, असा निर्देश विद्यापीठ अनुदान आयोगाने दिला.

या निर्देशाचा हेतू योग्य आहे, कारण प्रत्यक्ष माणसांसोबत करावयाचे काम केवळ स्वाध्यायपुस्तिकांतून शिकता येत नाही. परंतु त्याची दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून दूरस्थ पद्धतीने शिकणाऱ्या ग्रामीण स्त्री-पुरुषांसाठी हा मार्ग बंद झाला. वर्गात बसून घेतलेल्या पदवीतही पर्यवेक्षित काम नसेल, तर केवळ उपस्थितीच्या बळावर ती पदवी श्रेष्ठ ठरत नाही. दूरस्थ शिक्षणातील दोष दाखविताना नियमित शिक्षणाला आपोआप गुण देऊन चालणार नाही.

५. अभ्यासक्रमातील तासांचा हिशेब :
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांची नवी श्रेयांक रचना लागू झाली. दोन वर्षांच्या या रचनेत पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीला ४, तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पाला ४ आणि चौथ्या सत्रात ६ असे एकूण १४ श्रेयांक संशोधनाकडे जातात. कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्पासाठी दुसऱ्या सत्रात ४ श्रेयांक आहेत. एका श्रेयांकास ३० तास धरल्यास हे १२० तास होतात.

ही रचना सर्व विद्याशाखांना समान आहे आणि तिचा दोषही येथेच आहे. इतिहास, वाणिज्य आणि मानसशास्त्र यांना एकच साचा लावला गेला. मानसशास्त्रात स्वतंत्र प्रात्यक्षिके असतात हे खरे. परंतु त्यांत बहुतांशी प्रयोग, मानसशास्त्रीय चाचण्या आणि त्यांचे गुणांकन यांवर भर असतो. चाचणी देता येणे आणि संवाद साधता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत.

तुलनेसाठी अमेरिकेतील समुपदेशन शिक्षणाला मान्यता देणाऱ्या परिषदेचे निकष पाहता येतील. तेथे पदव्युत्तर विद्यार्थ्याला १०० तासांचे प्रारंभिक प्रात्यक्षिक आणि ६०० तासांची आंतरवासिता पूर्ण करावी लागते. या ७०० तासांपैकी किमान २८० तास प्रत्यक्ष समुपदेशार्थींसोबतचे असावे लागतात. या काळात आठवड्याला सरासरी एक तास वैयक्तिक किंवा त्रिपक्षीय पर्यवेक्षण आणि दीड तास गटपर्यवेक्षण मिळते. ब्रिटनमधील प्रमुख व्यावसायिक संघटनाही किमान १०० तासांच्या पर्यवेक्षित कामाची अपेक्षा ठेवते.

परदेशातील आकडे जसेच्या तसे येथे आणावेत, असा याचा अर्थ नाही. तथापि २८० तास माणसांसमोर बसलेला विद्यार्थी आणि १२० तासांत बहुधा नोंदवह्या भरणे, निरीक्षण करणे व अहवाल लिहिणे यांत गुंतलेला विद्यार्थी यांच्या हाती सारखीच जबाबदारी सोपविली जाते, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

६. पर्यवेक्षण : एक दुर्लक्षित अंग :
महाविद्यालयीन विश्वात 'पर्यवेक्षक' हा शब्द उच्चारला की परीक्षा दालनात फेऱ्या मारणारी व्यक्ती डोळ्यांपुढे येते. तिचे काम कॉपी पकडणे हे असते. समुपदेशन प्रशिक्षणातील पर्यवेक्षकाचे काम याच्या अगदी उलट आहे. विद्यार्थ्याने आपली चूक लपविण्याऐवजी ती निर्भयपणे समोर ठेवावी, अशी जागा त्याने निर्माण करावयाची असते. समुपदेशार्थीच्या संमतीने केलेले ध्वनिमुद्रण किंवा संवादाचे शब्दशः टिपण घेऊन दोघे बसतात. कोठे घाईने सल्ला दिला गेला, कोठे प्रश्नांचा भडिमार झाला, कोठे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या जखमेला धक्का लागल्यामुळे त्याने विषय बदलला, हे त्यातून उलगडते.

या अंगाचे मोल दाखविणारा एक अभ्यास शेजारच्या गोव्यात झाला. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांवर केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष 'द लॅन्सेट' या नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. मानसिक आरोग्याचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना तीन आठवड्यांची कार्यशाळा आणि त्यानंतर पर्यवेक्षणाखालील प्रत्यक्ष कामाचा अनुभव देण्यात आला. ध्वनिमुद्रित सत्रे ऐकून सहकारीच एकमेकांच्या कामाचे मूल्यमापन करीत. नेहमीच्या सुधारित उपचारांना अशा समुपदेशनाची जोड मिळालेल्या गटात तीन महिन्यांनंतर ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. केवळ सुधारित उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

या निष्कर्षावरून पदवी निरुपयोगी आहे, असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. त्या कार्यकर्त्यांनी एका विशिष्ट विकारासाठी ठरावीक पद्धत वापरली होती आणि त्यांच्यामागे तज्ज्ञांची फळी होती. महाविद्यालयातील समुपदेशकापुढे मात्र परीक्षेच्या भीतीपासून कौटुंबिक हिंसेपर्यंत कोणताही प्रश्न येऊ शकतो. त्यासाठी सैद्धांतिक बैठक हवीच. परंतु पदवी नसताना पर्यवेक्षणाच्या आधारे चांगले काम होऊ शकते, हे सिद्ध झाले असताना पर्यवेक्षण नसलेली पदवी पुरेशी कशी मानावयाची, हा प्रश्न शिल्लक राहतो.

७. गंगापूर तालुक्याचा संदर्भ :
गंगापूर तालुक्याचे समाजजीवन एकजिनसी नाही. एकीकडे गोदाकाठची व कोरडवाहू पट्ट्यातील शेती आहे, लासूर स्टेशनसारखी बाजारपेठ आहे. दुसरीकडे वाळूजची औद्योगिक वसाहत आणि तेथे बाहेरगावांहून येऊन राहिलेला कामगारवर्ग आहे. त्यामुळे एकाच वर्गात शेतकऱ्याचा मुलगा आणि कंत्राटी कामगाराची मुलगी शेजारी बसलेली असू शकतात. पहिल्याच्या घरात पीककर्जाची चिंता असते, दुसरीच्या घरात पाळीच्या कामाची आणि भाड्याच्या खोलीची.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण (२०१५-१६) बारा राज्यांत झाले. त्यात प्रौढांमधील मानसिक विकारांचे प्रमाण १०.६ टक्के आणि उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण विकारानुसार ७० ते ९२ टक्के आढळले. महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता. राज्य शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला आणि आशा कार्यकर्तींना त्यात सामील करून घेतले. मानसिक ताण हा केवळ शहरी प्रश्न नाही, याची ही शासकीय कबुलीच होय.

ग्रामीण समुपदेशकापुढील पहिली अडचण भाषेची असते. पाठ्यपुस्तकात 'चिंता विकार' आणि 'नैराश्य' हे शब्द असतात. समोरची व्यक्ती 'जीव घाबराघुबरा होतो', 'कशातच मन लागत नाही', 'डोक्यात मुंग्या येतात' असे सांगते. घरची मंडळी त्याला 'बाहेरची बाधा' म्हणतात आणि देवऋषीकडे नेतात. या बोलण्याचे घाईने शास्त्रीय नामकरण केले तर माणूस तुटतो आणि बाधेची समजूत तशीच उचलून धरली तर उपचार लांबतो. या दोहोंमधील वाट कोणत्याही इंग्रजी संदर्भग्रंथात सापडत नाही. ती मराठवाड्यातील प्रत्यक्ष संवादांच्या टिपणांवरूनच शिकविता येईल.

दुसरी अडचण गोपनीयतेची आहे. गावात कोण कोणाच्या खोलीत गेले, हे संध्याकाळपर्यंत सर्वांना ठाऊक होते. समुपदेशन कक्षाची पाटी ठळक असली की तेथे जाणाऱ्याच्या कपाळावरही एक पाटी लागते. समुपदेशक हाच अंतर्गत गुण देणारा प्राध्यापक असेल, तर विद्यार्थी त्याच्यापुढे मोकळा होणे कठीण असते.

एक काल्पनिक प्रसंग घेऊन हे स्पष्ट करता येईल. अकरावीत शिकणारी सतरा वर्षांची मुलगी समुपदेशकाकडे येते. घरी तिचे लग्न ठरविले जात आहे आणि 'कोणाला सांगू नका' अशी तिची विनवणी आहे. उपदेश करणारा समुपदेशक तिला धीर धरण्यास सांगेल किंवा थेट वडिलांना दूरध्वनी करील. पहिल्याने ती एकटी पडेल, दुसऱ्याने तिचे शिक्षण त्याच दिवशी थांबू शकेल. प्रशिक्षित समुपदेशक गोपनीयतेच्या मर्यादा तिला आरंभीच समजावून सांगेल, तिच्या सुरक्षिततेचा अंदाज घेईल, आत्मघाताचा विचार मनात येतो का हे स्पष्ट शब्दांत विचारील आणि तिला विश्वासात घेऊन बालविवाह प्रतिबंधक अधिनियम, २००६ खालील यंत्रणा अथवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकाची मदत घेईल. लैंगिक अत्याचाराची बाब पुढे आल्यास बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार ती कळविणे बंधनकारक आहे, हेही त्याला ज्ञात असेल. या एका तासात सिद्धांत, कायदा, नीती व संवादकौशल्य एकत्र येतात. असा प्रसंग पर्यवेक्षकासोबत एकदाही न हाताळलेल्या पदवीधराकडून योग्य निर्णयाची अपेक्षा करणे, हा त्या मुलीवर आणि त्या पदवीधरावरही अन्यायच ठरतो.

८. महाविद्यालयांची भूमिका :
नॅकच्या २०१७ नंतरच्या मूल्यांकन चौकटीत स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन व करिअर समुपदेशन यांचा लाभ घेतलेल्या विद्यार्थ्यांची संख्या मागितली गेली. संख्या मागितली की संख्या तयार होते. सभागृहातील एका व्याख्यानाला बसलेले दोनशे विद्यार्थी 'लाभार्थी' म्हणून नोंदविले जातात, छायाचित्रे जोडली जातात आणि समुपदेशन कक्ष कार्यरत असल्याचे सिद्ध होते. दालनाबाहेर घुटमळून परत गेलेला विद्यार्थी कोणत्याही तक्त्यात येत नाही. न्यायालयाच्या निर्णयाचीही अशीच कागदोपत्री पूर्तता होण्याचा धोका आहे. मानसशास्त्राच्या प्राध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार सोपविणे हा त्यातील सर्वांत सोपा मार्ग होय.

प्राध्यापकवर्गाची यातील अडचणही समजून घेतली पाहिजे. रिक्त पदे, तासिका तत्त्वावरील नेमणुका आणि परीक्षांचा कार्यभार यांत पर्यवेक्षणासाठी वेळ कोठून काढावा, हा रास्त प्रश्न आहे. शिवाय ज्यांना स्वतःला कधी पर्यवेक्षण मिळाले नाही, त्यांनी ते द्यावे कसे? चिकित्सा मानसशास्त्रातील एम.फिल. हा पर्यवेक्षित प्रशिक्षणाचा प्रस्थापित मार्ग होता. २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. पदवी बंद केली आणि या शाखेतील प्रवेशांना २०२५-२६ पर्यंतच मुदत मिळाली. पर्यवेक्षक घडविण्याच्या दृष्टीने त्याची जागा कोणते प्रशिक्षण घेणार, याकडे विद्यापीठांनी लक्ष देणे निकडीचे आहे.

९. निष्कर्ष व सूचना :
१) समुपदेशनाचे विशेषीकरण असलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधनाच्या १४ श्रेयांकांपैकी काही श्रेयांक पर्यवेक्षित कामाकडे वळविण्याची मुभा असावी. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या संवादांचे चिकित्सक विश्लेषण हा संशोधन प्रकल्पाचा मान्य प्रकार ठरावा.

२) गुणपत्रकासोबत 'सराव नोंदपुस्तिका' देण्यात यावी. प्रत्यक्ष संवादाचे तास, पर्यवेक्षणाचे तास आणि पर्यवेक्षकाचा अभिप्राय तीत असावा; समुपदेशार्थीची ओळख मात्र कोठेही नसावी. न्यायालयाला अपेक्षित असलेले 'दाखवून देता येईल असे' प्रशिक्षण या नोंदीतून दाखविता येईल.

३) छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय (घाटी), तालुक्यातील शासकीय आरोग्यसंस्था, शाळा व वाळूज परिसरातील आस्थापना यांच्याशी विद्यापीठाच्या पातळीवर करार करून सरावाची ठिकाणे निश्चित करावीत.

४) जवळपासच्या चार-पाच महाविद्यालयांनी मिळून एक पूर्णवेळ समुपदेशक व एक पर्यवेक्षण गट चालवावा. यामुळे खर्च विभागला जाईल आणि परस्परांचे काम तपासण्याची सवय लागेल. दुसऱ्या महाविद्यालयाचा समुपदेशक उपलब्ध झाल्यास गोपनीयतेचा प्रश्नही काही अंशी सुटेल.

५) अंतर्गत गुण देणाऱ्या प्राध्यापकाकडे त्याच विद्यार्थ्यांच्या समुपदेशनाची जबाबदारी देऊ नये. अन्य प्राध्यापकांना मानसशास्त्रीय प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यावे. असे प्रशिक्षण वर्षातून किमान दोनदा देणे निर्णयानुसार आवश्यक आहे.

६) संमतीने आणि ओळख पुसून संकलित केलेल्या मराठी संवादांचा पाठसंग्रह विद्यापीठाने तयार करावा.

१०. समारोप :
अपुऱ्या प्रशिक्षणाचा दोष पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याचा नाही. दोन वर्षे त्याने जे शिकविले गेले ते शिकून घेतले आणि जे विचारले गेले ते लिहिले. ऐकण्याची परीक्षा त्याच्याकडून कोणी घेतली नाही. आता न्यायालयाच्या निर्णयामुळे प्रत्येक महाविद्यालयाला एका व्यक्तीच्या नेमणुकीचा आदेश काढावा लागेल. त्या आदेशावर स्वाक्षरी करण्यापूर्वी प्राचार्य व निवड समितीने उमेदवाराला एक साधा प्रश्न विचारावा : 'आजवर किती माणसांचे ऐकले आणि ते बरोबर ऐकले का, हे कोणी तपासले?' या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देणारे पदवीधर जेव्हा मराठवाड्यातील विद्यापीठीय विभागांतून बाहेर पडू लागतील, तेव्हाच समुपदेशन कक्षाच्या पाटीला अर्थ प्राप्त होईल.